डाव्या कानातला डबा

गूढ अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं गेल्या वर्षी कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला आधी डोळे तपासून घ्यायला सांगितलं असतं. आणि तपासूनही दिले असते, कारण रत्नागिरीत माळनाक्याला माझं चष्म्याचं दुकान आहे. भूत, चकवा, देवाचा कौल... मी यातल्या कशातच नाही. आमच्याकडे म्हणे प्रत्येक वळणावर कुणीतरी उभं असतं. मी ती सगळी वळणं कॉलेजपासून घेतोय, मला एस्टीशिवाय काही आडवं आलेलं नाही. तेव्हा पांढरी साडी, उलटे पाय वगैरेच्या अपेक्षेने वाचत असाल तर इथेच थांबा. माझ्या अनुभवात आहे तो पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा.

पण आधी म्युझिकचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी हेवी म्युझिक ऐकतो. डूम, स्लज, ड्रोन, नॉइज... ज्याला आई 'मिक्सर बिघडला काय रे' म्हणते, ते. माझ्यासारख्याच काही वेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चिपळूणचा पण आता पुण्यात असणारा अभ्या त्याचा ॲडमिन. दर डिसेंबरात प्रत्येकाने वर्षातले आपले दहा लाडके अल्बम टाकायचे, वर प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहायच्या, आणि मग महिनाभर एकमेकांची अक्कल काढायची, अशी आमची प्रथा. या बँड्सची नावं आम्हाला कुणाला उच्चारता येत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना मराठी नावं ठेवतो. यंदा माझ्या यादीत 'गंजका नांगर' होता, म्हणजे फिनलंडचे तिघे, अख्खा अल्बम तीन कॉर्डवर आणि तरी कंटाळा नाही. 'मसाल्याची गिरण' होती, जपानी नवरा-बायको, ऐकल्यावर खरंच नाकात तिखट गेल्यासारखं होतं. आणि 'पाणबुडी'. हा नॉर्वेतला एकटा माणूस. रिकाम्या तेलाच्या टाकीत शिरून त्याने बेस गिटार वाजवली आणि जो घुमारा उठला तो रेकॉर्ड केला. शेवटचा ट्रॅक भलामोठा, आणि त्यात काहीही होत नाही. नुसता एक खोल सूर, हलतही नाही.

दुसरी गोष्ट माझ्या कानाची. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तर डावा कान बंद. सर्दी असेल म्हणून मी चार दिवस वाफ घेत बसलो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस गेली, आता काही होणार नाही. त्या दिवशी बसमध्ये मी रडलो, हे इथे पहिल्यांदाच लिहितोय. म्युझिक म्हणजे डावं-उजवं, दोन बाजूंनी येणारं. त्यातली एक बाजू कायमची गेली.

मग मी माझी युक्ती काढली. प्रत्येक अल्बम दोनदा ऐकायचा. एकदा हेडफोन सरळ लावून आणि एकदा उलटा लावून, म्हणजे डावीकडचं सगळं उजव्या चांगल्या कानात येतं. दोन्ही अर्धी डोक्यात जोडायची. अभ्या म्हणतो, तू अल्बम ऐकत नाहीस, शिवतोस. म्हणेना का. आणखी एक, एका कानाने ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा कळत नाही. हाक ऐकू येते, पण कुठून आली ते समजत नाही. घरात मोबाईल वाजला की मी सगळ्या खोल्या फिरतो.

तिसरी गोष्ट बाबा. बाबा एस्टीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यापासून नेवऱ्याच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची जी हापूसची बाग आहे, तिथेच त्यांचा जीव. मोहोर आला की वांदरं येतात, आणि वांदरांना हाकलायला बाबांकडे तो डबा होता. त्याची कडी एका बाजूने निखळलेली, त्यामुळे टोला मारला की 'टण' आणि मागोमाग कडीचं 'खळ्ळ'. बाबा नेहमी दोन टोले द्यायचे. विचारलं तर म्हणायचे, डबल दिली, आता गाडी सुटायलाच पाहिजे. कंडक्टरची सवय... सिंगल बेल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. माझ्या कुठल्याही अल्बमला त्यांचा एकच शेरा ठरलेला, 'याच्यापेक्षा माझा डबा सुरात वाजतो.'

आता त्या दिवसाचं.

डिसेंबर संपत आलेला. दुकानात सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी 'पाणबुडी' शेवटचा एकदा ऐकायला घेतला. एक नंबर त्याला द्यायचा की 'गंजक्या नांगरा'ला, एवढाच प्रश्न होता. शेवटचा ट्रॅक सुरू झाला. तो सूर... आणि त्यात मधूनच, खूप लांबून, पत्र्यावर एक टोला. मग बराच वेळ काही नाही. मग परत एक. मी खूश! म्हटलं, आधी दोनदा ऐकूनही हे आपल्याला लागलंच नव्हतं, काय बारीक काम केलंय पठ्ठ्याने. लगेच ग्रुपवर लिहिलं की एक नंबर 'पाणबुडी', आणि शेवटच्या ट्रॅकमधला पत्र्याचा टोला ही यंदाची सर्वात भारी गोष्ट.

अभ्याचं उत्तर आलं, 'कुठला पत्रा? माझ्याकडे तर नुसतं हूं आहे.' नागपूरच्या एकाने परत ऐकून तेच सांगितलं. वर अभ्याने हसण्याचे इमोजी टाकून लिहिलं, की बंड्या आता दुकानातच घ्यायला लागला वाटतं.

मला राग आला. मी हेडफोन उलटा लावला. उजव्या कानात आता डावीकडचं येत होतं, त्यात टोला नव्हता. पण टोला येत होता... मी उजव्या कानावरचा कप बाजूला केला. सूर गेला, टोला राहिला. म्हणजे तो माझ्या डाव्या कानात वाजत होता. ज्या कानात तीन वर्षांत फटाकासुद्धा वाजला नव्हता, त्या कानात.

ट्रॅक थांबवला, आवाज बंद. सुरू केला, परत टोला. आणि या वेळी मला त्याच्या मागचं 'खळ्ळ' ऐकू आलं.

तो आमचा डबा होता. लहानपणापासून ऐकलेला आवाज चुकत नाही. फक्त बाबा कायम दोन टोले द्यायचे, आणि हा एकेकच येत होता. सिंगल. थांब. परत सिंगल.

आईला फोन लावला. ती वैतागलेली. म्हणाली, फवारणीला म्हणून सकाळीच गेलेत, ऊन चढायच्या आत येतो म्हणाले, आमटी दोनदा गरम केली. फोन लागत नाही का विचारलं तर म्हणाली, तिथे कधी रेंज असते का. तिला काळजी नव्हती, आणि मी का विचारतोय ते मी सांगूही शकत नव्हतो. काय सांगू, नॉर्वेच्या अल्बममध्ये बाबा ऐकू आले?

दुकानात तेवढ्यात आलेल्या एक काकू फ्रेम लावून आरशात बघत होत्या. त्यांना म्हटलं, छान दिसते, उद्या या. शटर ओढलं, गाडीला किक मारली. हेडफोन गळ्यातच राहिला होता, ते मला पार पुढे गेल्यावर कळलं. वाटेत स्वतःला शिव्या देत होतो, की आत्ता बाबा बागेतल्या खोपीत बसून भाकरी खात असतील आणि आपली शोभा होणार. देवा, शोभाच होऊ दे, असंही म्हणत होतो. हो, मीच. कशातच नसणारा.

बागेच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, बाबांची स्कूटर उभी. खोपीत न्याहारीची पिशवी आणि पाण्याची बाटली तशीच, भाकरी न सोडलेली. फवारणीचा पंप एका आंब्याच्या कलमाखाली आडवा पडलेला. मी ओरडलो, बाबा! आणि कुठूनतरी अगदी बारीक काहीतरी आलं. माणूस की पाखरू, तेही कळेना. आणि दिशा... दिशा मला कळत नाही! इकडे पळ, तिकडे पळ. चारी बाजूंना तीच कलमं, तेच दगडी गडगे, आणि माझा एक कान. इतकं असहाय्य मला कोल्हापूरच्या त्या डॉक्टरांसमोरही वाटलं नव्हतं.

पुढे जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी हेडफोन कानावर चढवला आणि मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला तो ट्रॅक लावला. बाप हरवलाय आणि मुलगा भर उन्हात गाणी ऐकत फिरतोय, कुणी बघितलं असतं तर मला तिथेच हाणलं असतं. पण टोला येत होता. खोपीकडे चाललो तर तो बारीक झाला. मागे वळून कुंपणाकडे निघालो तर मोठा. आणखी मोठा. गडग्यावरून उडी मारली, गवतातून पुढे गेलो, आणि एकदम टोला बंद झाला. मी जागच्या जागी थांबलो.

माझ्या पायापुढे वाळक्या गवतात जुनी चिरेखाण होती. चिरे काढून कधीच सोडून दिलेली, वरून दिसतसुद्धा नाही. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर मीही आत.

खाली बाबा पडले होते. एक पाय नको तसा वळलेला, ओठ पांढरे, डोळे उघडे. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलास काय रे? हळू उतर, कड भुसभुशीत हाय."

मी उतरलो आणि त्यांना धरून लहान पोरासारखा रडलो. ते मला सांगत होते, पाणी दे आधी, मग रड.

मग वर चढून जिवाच्या आकांताने हाका मारल्या, तेव्हा शेजारच्या बागेचे शिवादादा आणि त्यांची दोन माणसं धावत आली. आंब्याच्या पेट्या बांधायच्या फळीवर घालून बाबांना वर काढलं, शिवादादांच्या पिकअपमध्ये गादी टाकून झोपवलं. मी मागे त्यांच्याशेजारी बसलो. शिवादादांनी पुढून विचारलं, निघू ना? तेव्हा बाबांनी, ज्यांना बोलायचंही त्राण नव्हतं, हात उचलून पिकअपच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. टण टण. शिवादादांनी गाडी सोडली.

मांडीचं हाड मोडलं होतं, रॉड घातला. बाबांना शुगर आहे. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले असते तर कठीण होतं. आज बाबा घरी वॉकर घेऊन चालतात आणि दिवसभर आईच्या आमटीत चुका काढतात. आई म्हणते, खाणीत बरे होतात. म्हणते आणि दुसऱ्यांदा वाढते.

वांदरांमागे फवारणी अर्धवट टाकून धावताना ते खाणीत गेले होते. ओरडून ओरडून घसा बसला. मी हॉस्पिटलमध्येच त्यांना विचारलं, की डबा किती वेळ वाजवत होता तुम्ही? ते माझ्याकडे बघतच राहिले.

"डबा कुठला? गेल्या पावसात खोपीची भिंत पडली ना त्याच्यावर. चेपला, भंगारात दिला. आता मी फटाके लावतो." मग म्हणाले, "पण तुला कसं कळलं? सबंध सकाळ मी तोच आठवत पडलेलो. म्हटलं, आत्ता डबा असता तर सिंगल मारत बसलो असतो, कुणीतरी थांबलं असतं."

मी खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ओढली. मग सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, लाव बघू ते काय ते. मी त्यांना हेडफोन लावून दिला. शेवटचा ट्रॅक त्यांनी डोळे मिटून पुरा ऐकला. हेडफोन काढून म्हणाले, "यात काहीच होत नाय रे." मी म्हटलं, नाही होत.

इथल्या कानाच्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, नस गेलेल्या कानात मेंदू कधी कधी स्वतःच आवाज तयार करतो, वेगळं काही नाही. मान्य. पण तोच आवाज का, त्याच दिवशी का, सिंगल का, आणि मी चुकीच्या बाजूला गेलो की तो बारीक का व्हायचा? ते हसले, म्हणाले, ते माझ्या विषयात येत नाही. माझ्याही येत नाही. अभ्याने ग्रुपवर 'पाणबुडी'ला सगळ्यांतर्फे एक नंबर देऊन टाकला, पण तो ट्रॅक एकटा असताना ऐकत नाही म्हणाला.

मी ऐकतो. पाय बरा झाला की बाबा परत बागेत जाणार, ते काही कुणाचं ऐकणारे नाहीत. आता राखणीला नेपाळी जोडपं ठेवलंय, खाणीला कुंपण घातलंय, तरीही. अधूनमधून, घरी बाबा काय करत असतील असा विचार मनात आला की मी दुकानात हेडफोन सरळ लावतो आणि शेवटचा ट्रॅक सुरू करतो. उजव्या कानात तो खोल सूर येतो. डाव्या कानात काही नाही. पूर्ण शांत.

तीन वर्षं त्या शांततेला मी शिव्या दिल्या. आता ट्रॅक संपेपर्यंत तीच ऐकत बसतो, आणि मग गिऱ्हाईकाला आत बोलावतो.