जावयाचा करंट

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मोटर रिवाइंडिंग करतात. करंट हा त्यांचा धंदा, आणि औषधही तेच. गांधीलमाशी चावो की कोळी, स्कूटरच्या प्लगची वायर काढायची, चावल्या जागी धरायची आणि किक मारायची. झटक्याने विष मरतं, असं ते छातीठोकपणे सांगतात. आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

गेल्या वर्षी ते बेलवलीला आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं उरकल्यावर आई अंगणातल्या कुंड्या सरकवायला गेली आणि तिच्या बोटाला विंचू चावला. मी रिक्षा आणायला धावले. परत येऊन बघते तर स्कूटर अगदी पायरीशी, भावोजींच्या हातात वायर, आणि आईने बोट निमूटपणे पुढे केलेलं.

आईच्या छातीत पेसमेकर आहे. तिला विजेचा धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"भावोजी, वायर सोडा! पेसमेकर!" मी अशी किंचाळले की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली.

त्यांचा पाय किकवरच थांबला. चेहरा पांढराफटक. "अरे बापरे, डोक्यातूनच गेलं. चला, चला, पहिले दवाखाना."

दवाखान्यात आईला इंजेक्शन, सलाईन, सगळं झालं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही, उद्या घरी न्या." तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. झटक्याने विषबिष काही मरत नाही, नुसता वेळ जातो, हेही त्यांनी सुनावलं. भावोजी एरवी वाद घातल्याशिवाय राहत नाहीत, पण मान खाली घालून ऐकत होते. मग चहा आणतो म्हणून बाहेर सटकले.

मी आईला म्हटलं, "पेसमेकरचं तूपण विसरलीस?"

"विसरेन कशी? माझ्याच छातीत आहे ना."

"मग हात कशाला पुढे केलास?"

आई जरा ओशाळली. "जावईमाणूस गं. घरी जेवायला आलेले, एवढं मनापासून करत होते. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

मी तिचा चांगला हात घट्ट धरला आणि रडत रडतच तिला चांगलं झापलं.