एका माईकभोवती

केंटकीच्या डोंगरात, एका खाणगावच्या शाळेत ल्युराना कॉर्डेल बावीस वर्षं स्वयंपाक करत होती. घेवडा शिजवावा, मक्याची भाकर भाजावी, दीडशे पोरं जेवू घालावीत आणि घरी जाऊन मँडोलिन मांडीवर घ्यावं. आठ तारा, दोन-दोन जोडीनं ताणलेल्या. एक दुखावली की दुसरी रडावी, अशा.

दर शुक्रवारी संध्याकाळी गावच्या रेडिओ केंद्रात ल्युरानासह पाच वादक एकाच माईकभोवती उभे राहत. ज्याची पाळी तो पुढं सरके, झाली की मागं. गाणाऱ्यानं तोंड उघडलं की सगळे अंग चोरून त्याला वाट देत. हे ल्युरानाला कुणी शिकवलं नव्हतं. मूल चालायला शिकतं, तशी ती सरकायला शिकली होती.

तिथंच तिला मार्सी टीलनं ऐकलं. मार्सी तेवीस वर्षांची, नव्या मऊ गाण्यांची गायिका. गिटार, पियानो, हलका ड्रम, अशी ती गाणी एकोणीसशे एकाहत्तर साली गाडीगाडीतून वाजत होती.

"मावशी, माझ्या गाण्यात तुझं मँडोलिन हवंच."

"खेड्यात धान्याच्या कोठारात नाचतात, तिथलं वाद्य ते पोरी. शहरातले हसतील."

"हसू देत. तू चल."

ल्युरानानं एका दिवसाची रजा टाकली आणि बसनं नॅशव्हिल गाठलं.

स्टुडिओत प्रत्येकाला वेगळा आडोसा, वेगळा माईक, कानांवर हेडफोन. निर्माते हॅथकॉक काचेपलीकडं बसले. मार्सी गाऊ लागली आणि ल्युरानाचे पाय आपोआप मागं सरले. टेपवर मँडोलिन उमटलंच नाही. तिची पाळी आली तशी ती माईकवर झुकली, अन् यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा तांबड्यात आदळला. तीनदा असंच झालं.

"बाई, पायांना चाकं लावलीत का?"

"गाणाऱ्याच्या अंगावर कशी वाजवू साहेब? आमच्याकडं त्याला उद्धटपणा म्हणतात."

"आवाज कमी-जास्त करायला मी बसलोय. तुम्ही खिळ्यासारख्या उभ्या राहा."

चौथ्या वेळी ती खिळ्यासारखी उभी राहिली आणि खिळ्यासारखीच वाजली. तिची तिलाच लाज वाटली.

"राहू द्या," हॅथकॉक म्हणाले. "तिथं दुसरी गिटार घेऊ. मँडोलिन अशा गाण्यात बसतच नाही."

ल्युरानानं पेटी उघडली, वाद्य आत ठेवायला वाकली आणि तशीच थांबली. तिला नाही म्हटलं असतं तर ती मुकाट गेली असती. वाद्याला नाही म्हटलेलं तिला सोसेना.

"साहेब, आडोसे काढा. मधोमध एकच माईक ठेवा. एकदाच. नाही जमलं तर मीच बस पकडते."

ड्रमवाला रॉस्को हसला. "मग मी ड्रम काय कडेवर घेऊ?"

"तू बाबा दाराशी जा आणि काठ्या ठेवून मऊ ब्रशनं वाजव. तसाही तू पलीकडच्या गावात ऐकू जातोस."

"एकदा बघू या ना," मार्सी म्हणाली. हॅथकॉकनी घड्याळ पाहिलं अन् होकारार्थी मान डोलावली.

मग माईक मधे आला. मार्सीनं पहिली ओळ उचलली तशी ल्युराना दोन पावलं मागं गेली. तारा अशा थरथरल्या, की तळ्यावर वारा यावा आणि पाणी न मोडता जावा. ओळ संपली. ती पुढं आली, मान तिरकी, डोळे मिटलेले, आणि आठही तारा एका श्वासात बोलल्या. मार्सीला वाट हवी तेव्हा ती पुन्हा मागं. गिटारवालाही सरकू लागला. काचेपलीकडं हॅथकॉकचे हात मांडीवर पडून होते. त्यांना करण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

शेवटचा सूर विरला.

"परत घ्यायचं?" मार्सीनं विचारलं.

"कशाला? बिघडवायला?" हॅथकॉक स्वतः उठून बाहेर आले. "ल्युरानाबाई, आणखी चार गाणी आहेत. उद्या थांबाल?"

"उद्या पोरं उपाशी राहतील. शनिवारी येईन. माईक एकच ठेवा."

त्या हिवाळ्यात शाळेत दूध घेऊन आलेल्या गाडीतल्या रेडिओवर ते गाणं लागलं. गाडीवाला दारातच थबकला.

"काय किणकिणतंय हो यात? लई गोड!"

ल्युरानानं एप्रनला हात पुसले. "आधी दूध आत ठेव," ती म्हणाली, "मग सांगते कोण वाजवतंय ते."