समासातली अक्षरं

कटिंग मशीनचं चाक फिरवण्याआधी गुण्याकाका हात मागे घ्यायचे. पुस्तक दाबाखाली घट्ट बसलेलं, वर पातं तयार, आणि हा माणूस दाब सैल करून पुस्तक पुन्हा बाहेर काढायचा. अंगठ्याखालून पानं सरसर सोडायचा, तिन्ही समास डोळ्यांखालून घालायचा, पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवून काही लोंबतंय का ते चाचपायचा आणि मगच ते आत ठेवायचा. दिवसाला चाळीस पुस्तकं असली तर चाळीस वेळा.

"काका, पुस्तक पळून जातंय का?" एखादं गिऱ्हाईक विचारायचं.

"पुस्तक कुठे पळतंय? पळतो मी," काका म्हणायचे आणि पुढचं पुस्तक घ्यायचे.

ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. तरुणपणी ते असे थांबणाऱ्यातले नव्हते. बाइंडिंगच्या धंद्यात त्यांचा हात इतका बसलेला होता की ते मशीनकडे न बघता कापायचे आणि कोपरा तरीही काटकोनात यायचा. एप्रनच्या खिशात काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या कायम, त्यावरूनच लोक त्यांना गुण्याकाका म्हणायचे. सुताभर वाकडा पुठ्ठा दिसला की टरकन फाडून टाकायचे. माणसांच्या चुकांनाही त्यांचा तोच न्याय. "तुम्ही देवासमोरसुद्धा गुण्या घेऊनच बसता," काकू म्हणायच्या, "त्याचा कोपरा बरोबर आहे ना, ते बघायला."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीशी दोन शिकंजे, त्यात पुस्तकं रात्रभर दाबून ठेवायची. मागे पुठ्ठ्यांची थप्पी, स्टोव्हशेजारी खळीचं पातेलं आणि रस्त्याकडच्या खिडकीत मावशी. छापील पानांच्या घड्या एकीला एक शिवून त्यांचं पुस्तक करणं हे मावशींचं काम. वीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून शिवत होत्या आणि वीस वर्षं रोज एकदा तरी म्हणत होत्या, "काका, खळीवर झाकण. साय धरतेय." काकांना ते कधीच आठवायचं नाही.

दोघांमध्ये एक नियम होता. दुरुस्तीला आलेल्या जुन्या पुस्तकाच्या समासात कुणी काही लिहिलेलं असलं, तर काका मावशींना सांगायचे आणि मावशी शिवताना पाठीत वीतभर लाल दोरा घालून तो बाहेर सोडायच्या. लाल दोरा दिसला की त्या पुस्तकाला पातं लावायचं नाही.

एकदा शाळेतल्या बाई त्यांच्या आईचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आल्या. पाठ सुटलेली, पानं मोकळी झालेली. समासात बारीक पेन्सिलीने आईने रोजचं काहीबाही लिहिलेलं. ताप उतरला. आज खूप रडले, मग बरं वाटलं. धाकटीला शाळेत घेतलं. "कडा कापू नका हं," बाई दोनदा म्हणाल्या.

"बाई, मी काय कालचा आहे का?" काका म्हणाले. त्यांनी मावशींना सांगितलं. मावशींनी लाल दोरा घातला.

त्या आठवड्यात मावशींची आई अंथरुणाला खिळलेली. मावशींचे डोळे जागरणाने सुजलेले. काकांपुढे रजिस्टरांचा ढीग, आणि दुपारपर्यंत सगळं देतो अशी त्यांनी छातीठोक बढाई मारलेली. प्रार्थनेचं पुस्तक त्या ढिगात कसं आलं, कोण जाणे. हात चाकावर होता, नजर रस्त्यावर. पातं खाली आलं. कात्रण गोळा करायला वाकले, तेव्हा कागदाच्या पट्ट्यांवर त्यांना पेन्सिलीची अर्धी अर्धी अक्षरं दिसली आणि त्यांच्यात तुटलेला लाल दोरा.

त्यांनी पाठीत उरलेला तुकडाही ओढून काढला आणि दोरा खिशात घातला.

चार वाजता बाई आल्या. पुस्तक उघडलं. त्यांचं बोट एका पानाच्या कडेला जाऊन थांबलं. "इथे आईचं..." एवढंच म्हणाल्या.

काकांनी स्वतःचाच आवाज ऐकला. "त्याला लाल दोरा नव्हता."

कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मावशी खिडकीतून उठल्या. "घातला होता असं वाटतंय मला... पण नसेल घातला. बाई, हल्ली माझं डोकं ठिकाणावर नाही हो. माफ करा मला." बाई काही न बोलता पुस्तक छातीशी धरून निघून गेल्या. आठवड्याअखेर मावशींनी सुया गुंडाळल्या. "काका, लोकांच्या जिवाच्या वस्तू आता माझ्या हातात नकोत."

"बघा, तुमची मर्जी," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते चाक फिरवण्याआधी हात मागे घ्यायला लागले.

अशी अकरा वर्षं गेली. दर रविवारी ख्रिस्ती देवळात मावशी काकांच्या दोन बाक पुढे बसायच्या. प्रार्थनेत काका देवाला सगळं सांगायचे. राग सांगायचे, तिरकस बोलणं सांगायचे, काकूंवर डाफरलेलंही सांगायचे. त्या दिवसापाशी आले की मात्र, रस्त्यात नको असलेला माणूस दिसल्यावर आपण गल्लीत वळतो, तसे वळायचे. दोरा आणि निवडून ठेवलेल्या पट्ट्या घरी एका पत्र्याच्या डब्यात होत्या.

एका रविवारी उपासना संपल्यावर काका कपाटापाशी फाटकी गीतपुस्तकं वेगळी काढत होते. पलीकडे पाळक मावशींना म्हणत होते, "या कपाटाची किल्ली तुम्ही ठेवा ना. तुमच्याइतकं नीटनेटकं कोण आहे इथे?"

"नको, साहेब. मी विसरते. माझ्यामुळे एका बाईंच्या आईची अक्षरं गेली." मावशी हसल्यासारखं करत होत्या. "रोज मागते हो माफी. पण देवाने केलं असेल ना माफ?"

काकांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. काकांचं पाप अकरा वर्षं मावशी देवापुढे कबूल करत होत्या.

दुपारी ते पाळकांच्या घरी गेले. पाळक वयाने त्यांच्या मुलासारखे. स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. "बसा काका. हात रिकामे ठेवू नका," म्हणत त्यांनी थोड्या शेंगा पुढे सरकवल्या. काका बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग शेंगांकडे बघतच त्यांनी सगळं सांगितलं.

पाळकांनी विचारलं, "हे देवाला सांगितलंत?"

"सांगतो की. पण जरा आडून."

"मग आज सरळ सांगा."

काका गुडघ्यांवर बसले. दोन्ही गुडघे कडकन वाजले. "देवा," ते म्हणाले, "दोरा होता. मी कापला. मी खोटं बोललो." आणि त्यांना रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मटारचा हिरवा वास होता. "देवाने तुम्हाला क्षमा केली आहे, काका. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मी बाईंच्या पुस्तकाला त्या पट्ट्या जोडून देतो. तोवर देवाने ती क्षमा राखून..."

"जोडा की. पण क्षमेची परतफेड म्हणून नको. ती मिळाली. आता हात मोकळे झाले, म्हणून जोडा."

काकांनी नाक पुसलं. "आणि मावशी?"

"मी येऊ बरोबर?"

"नको," काका म्हणाले. "तिथे माझं मलाच जायला हवं."

मावशी दारात उभ्या होत्या, खांद्यावर ओला टॉवेल. काकांनी तळहात पुढे केला. त्यावर लाल दोऱ्याचे दोन तुकडे होते. "तुम्ही घातला होता. मी कापला. आणि मी ते तुमच्यावर ढकललं."

मावशींनी दोरा हातात घेतला, उजेडाला धरला. गाठ त्यांचीच होती. अशी दुहेरी गाठ दुसरं कुणी मारत नसे. "अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "अकरा वर्षं मी गॅस बंद केलाय की नाही ते तीन-तीनदा उठून बघते! घरात हसतात मला. आणि तुम्ही रविवारी माझ्या मागे बसून गाणी म्हणत होता?"

"हो."

"जा तुम्ही. आज मला काही सुचत नाही."

काका गेले. दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले, तिथेही तेवढंच सांगितलं, काही वाढवलं नाही की कमी केलं नाही. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. पुस्तक त्यांनी तेव्हापासून उघडलंच नव्हतं. "पट्ट्या आहेत?" त्यांनी विचारलं. मग उठून पुस्तक आणून दिलं आणि म्हणाल्या, "त्या मावशींना सांगा, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. माझंही चुकलंच."

काका पट्ट्या जुळवायला बसले. एकेक अर्धं अक्षर, त्याचं दुसरं अर्धं शोधायचं, पातळ कागदाला खळ लावून मागून जोडायचं. नजर साथ देत नव्हती. बाईंचा निरोप त्यांनी चिठ्ठीवर लिहून मावशींच्या दारात सरकवला होता. उत्तर आलं नाही. दुसऱ्या सोमवारी खिडकीतली खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"तुमचे डोळे गेलेत," मावशी म्हणाल्या. "पट्ट्या मी जुळवते. तुम्ही खळ लावा."

"मावशी, म्हणजे तुम्ही मला..."

"पट्टी सरळ धरा आधी."

चार महिने लागले. शेवटची पट्टी 'मग बरं वाटलं'ची होती. ती बसल्यावर मावशींनी कागदावरून बोट फिरवलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "आता माझ्या मनात काही नाही हं, काका." काका एप्रनच्या खिशात उगाच काहीतरी शोधत राहिले.

मावशी पुन्हा कामाला यायला लागल्या. देवळातल्या कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला आली. काकांचा गुण्या खिळ्याला टांगलेला राहिला. लागला तर घ्यायचे. एखाद्याचा कोपरा वाकडा गेला तर म्हणायचे, "माझाही जातो," आणि जुना पुठ्ठा सोडवायला स्वतः बसायचे. पुस्तक कापण्याआधी हात मागे घ्यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. पूर्वी त्या वेळी त्यांचा चेहरा धास्तावलेला असायचा. आता ते पानं सोडताना कधी कधी समासातलं वाचत बसायचे आणि मावशी ओरडायच्या.

ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी सकाळी त्यांनी सहा पुस्तकं कापली. अकराच्या सुमाराला छातीत जरा जड वाटतंय म्हणाले, घरी जाऊन पडतो म्हणाले. एप्रन खुंटीला लावला. मावशी खिडकीत दोरा ओवत होत्या. उंबऱ्यापर्यंत गेलेले काका थांबले आणि मागे वळून म्हणाले, "मावशी, तेवढं खळीवर झाकण ठेवा हं. साय धरेल."