देवळांच्या काचा

लग्नाचे फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं. तक्रार म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो. पण कुणी कौतुकानं विचारलं की "तुम्ही या क्षेत्राकडे कसे वळलात हो?", तर माझं डोकं फिरतं. मी कुठं वळलो? मला इमारती काढायच्या होत्या. जुनी देवळं, त्यांचे लाकडी खांब, पायऱ्यांवर पडलेलं सकाळचं तिरपं ऊन, मागं झाडं आणि आभाळ. त्यात माणूस नको. हसा, इकडं बघा, हनुवटी जरा वर, हे सांगायचा मला तेव्हाही कंटाळा होता आणि आजही आहे.

आम्ही परळला चाळीत राहायचो. बा गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात. साळखात्यात, म्हणजे जिथं मागावर कापड विणतात तिथं, आमच्या लोकांना घेत नसत. मागावर आडवं सूत फिरवणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक त्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागायचं, आणि आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा! बा हे हसत हसत सांगायचा. मला त्याचा राग यायचा. "हसतोस काय, बा?" मी म्हणायचो. "मग काय रडू? रडून धोटा मिळंल व्हय?" तो म्हणायचा आणि विडी शिलगावायचा.

मी मात्र गिरणीत गेलो नाही. गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओत डार्करूममध्ये चिकटलो. मालक तिरसट माणूस, सकाळपासून कावलेला असायचा, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही. एक जुना लाकडी स्टँड कॅमेरा धूळ खात पडला होता, तो त्यानं मला सुट्टीच्या दिवशी न्यायला दिला. "घेऊन जा, मोडलास तर तुलाच मोडीन," एवढंच म्हणाला. त्या कॅमेऱ्यात फिल्मचा रोल नसे. काचेची प्लेट घालायची, तिच्यावर चित्र उमटायचं, आणि त्या काचेवरून मग कागदावर हवे तितके फोटो छापायचे. कागद फाटला, जळला, तरी चालतो. काच गेली की सगळं गेलं.

तो कॅमेरा खांद्यावर टाकून मी वाळकेश्वरच्या तळ्याकाठी, गिरगावातल्या गल्ल्यांत, माहीमला हिंडायचो. काळ्या फडक्याखाली डोकं घातलं की समोरचं देऊळ उलटं दिसायचं, कळस खाली आणि पायऱ्या वर. मला मनातून जाम गंमत वाटायची. खांब सरळ उभे दिसले पाहिजेत, तिरके पडता कामा नयेत, म्हणून मी तासभर स्टँडच्या पायाशी झटायचो. मालक म्हणायचा, "एकदा गाभारा काढ की रे." मी म्हणायचो, "आत उजेड नसतो." उजेडाचं कारण बरं होतं. कायद्यानं दारं उघडली होती म्हणे, पण दारात बसलेल्या माणसाच्या नजरेला कुठला कायदा? त्यानं आडनाव विचारलं तर काय सांगायचं, या विचारानंच मी पायरीवरून मागं फिरायचो. म्हणून मी बाहेरूनच बघायला शिकलो. पुढं लोक माझ्या नजरेचं कौतुक करायचे, तेव्हा हसावं का रडावं कळायचं नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरगावात रोज काहीतरी पेटलेलं. मोर्चा, लाठ्या, अश्रुधूर, आणि दगड तर कुठूनही यायचे. स्टुडिओच्या दर्शनी कपाटाची काच फुटली त्या दिवशी मालक मला म्हणाला, "तुझ्या त्या प्लेटा घरी ने बाबा. उद्या इथं काही शिल्लक राहील याचा भरवसा नाही." ट्राम बंद, बस बंद. जुन्या वर्तमानपत्रांत एकेक काच गुंडाळून मी पेटी भरली आणि डोक्यावर घेऊन गिरगावातून परळपर्यंत चालत आलो. लालबागपाशी पोरं "झालाच पाहिजे" म्हणून ओरडत होती. मीही ओरडलो, पण हळू, पेटी हलेल म्हणून.

आमच्या खोलीत जागा कसली असणार! आईनं पेटी देवांच्या फळीखाली सरकवली. तिथं ओल नव्हती आणि कुणाचा पाय लागत नव्हता. वर खंडोबाचा टाक, मरीआई, दोन-तीन तसबिरी, आणि खाली माझ्या काचा. तशाच राहिल्या त्या तिथं.

पुढं स्टुडिओत एक आर्किटेक्ट आले. पासपोर्टसाठी फोटो काढायला आले होते. मालकानं भिंतीवर माझी दोन-चार देवळं टांगली होती, ती बघून ते उभेच राहिले. हे फोटो कुणी काढले, म्हणाले. मालकानं माझ्याकडं बोट केलं. त्यांना जुन्या देवळांच्या बांधणीवर पुस्तक करायचं होतं, विलायतेत छापायचं होतं, आणि नंतर दोन-तीन वर्षं कोकण, घाट, सगळीकडं फिरून देवळं काढणारा माणूस हवा होता. म्हणजे मी हवा होतो! पण माणूस पक्का. म्हणाले, "कागदावर काय, पेन्सिल फिरवून काहीही सरळ करता येतं. मला काचा दाखव. काचा चांगल्या असतील तर त्या माझ्याबरोबर बोटीनं जातील आणि तू माझा माणूस." त्यांची बोट शनिवारी होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोर्टातल्या कचेरीत पेटी आणून दे, असं ठरलं.

घरी येऊन मी बाला सांगितलं. त्याला फारसं कळलं नाही. "म्हंजी सायब तुला गावोगाव देवळं बघायला धाडनार?" तो म्हणाला. "आन् त्याचा पगार देनार?" मग चाळभर सांगत फिरला, माझा ल्योक सायबाचा फोटूवाला होणार. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

त्याच्या थोडेच दिवस आधी आमचं सगळं जग बदललं होतं. आमचा, सगळ्या समाजाचा, बापमाणूस गेला. दादरच्या वाळूत, रडून डोळे सुजलेल्या त्या गर्दीत उभं राहून आम्ही घरच्या सगळ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. चाळीत घरोघरी देव निघू लागले. कुणी समुद्रात सोडले, कुणी गाठोडं बांधून खाडीत. आईचा हात टाकांवरून निघेना, तिच्या सासूनं दिलेले होते ते. बासुद्धा घुटमळत होता. मी तेव्हा गरम रक्ताचा. खोलीच्या मधोमध उभा राहून भाषण ठोकलं, "घरात देवाचं काहीसुद्धा राहता कामा नये. मूर्ती नको, तसबीर नको, टाक नको. अर्धवट काही करायचं नाही." बानं मान हलवली. मी चार बुकं शिकलेला, म्हणून माझा शब्द तो साहेबाच्या हुकुमासारखा मानायचा.

गुरुवारी हरताळ होता. अशा दिवशी मालक मला स्टुडिओतच ठेवून घ्यायचा, कुणी दार फोडलं तर माणूस असावा म्हणून. गिरणी बंद होती, त्यामुळं बा घरी होता.

शुक्रवारी सकाळी मी परत आलो. फळी रिकामी होती, पुसून स्वच्छ. बरं वाटलं. मग खाली बघितलं. पेटी होती तिथंच होती, पण झाकण नीट बसलेलं नव्हतं. उघडली. आत नुसते कागदाचे बोळे.

"बा, काचा कुठायत?"

बा दारात बसून दात घासत होता. त्यानं चूळ भरली. "काचा व्हय? त्या सोडल्या की कालच. देवांसंगट, तुझ्या आयच्या जुन्या लुगड्यात बांधून. दादरला."

तो सांगत होता, शांतपणे, एखादं काम नीट पार पाडल्यासारखं. "तुझे कागदाचे फोटू हायेत, पिशवीत घालून खुंटीला अडकवल्यात. त्यास्नी हात न्हाई लावला. पर त्या काचा उजेडात धरून बघितल्या तर समद्यांवर देवळं. काळी, भुतावानी. तूच म्हनला हुतास न्हवं, अर्धवट करायचं न्हाई. तसबिरीच्या काचा गेल्या आन् ह्या ठेवल्या, तर द्येव घरातच राहिला की."

त्याच्या हिशेबी फोटो म्हणजे कागद. काच म्हणजे तसबिरीची काच, देवापुढची. आमच्या घरात काच होती ती फक्त देवापुढंच, मग त्यानं दुसरं काय समजायचं? पण हे आज सुचतंय. त्या वेळी मी किंचाळलो. कागद कवडीमोल आहेत, काच हाच फोटो असतो, त्या काचा दाखवल्या तरच साहेब मला ठेवणार, आज संध्याकाळी द्यायच्या होत्या, हे सगळं मी गॅलरीभर ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. शेजारची माणसं दारात आली. आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. बाच्या हातात तांब्या होता, तो त्यानं हळूच खाली ठेवला. "काच हाच फोटू?" तो एवढंच म्हणाला, आणि पायात काही न घालता जिना उतरून गेला.

मी जमिनीवर आडवा झालो. गेला असेल कुठंतरी, जाऊ दे, मेलं सगळं, असं वाटत होतं. आईनं भाकरी पुढं ठेवली, ती तशीच वाळली. कागदाचे फोटो घेऊन साहेबांकडं जावं का, असं एकदा मनात आलं. पण त्यांचं पेन्सिलीचं बोलणं आठवलं आणि उठलोच नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा खालून नळावरून बाचा आवाज आला. कुणाला तरी म्हणत होता, "व्हा बाजूला, पाय लागंल." कसलं तरी खसाखसा घासणं चालू होतं. मी लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळानं तो वर आला. कमरेपर्यंत भिजून वाळलेला, पोटऱ्यांना चिखल, एका पायाला शिंपल्यानं कापलेलं, आणि दोन्ही हातांवर आईचं जुनं लुगडं, त्याच्या घडीघडीत काचा.

"गावल्या," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "पानी मागं सरलं, व्हटी लागली, तवा गाठोडं तिथंच चिखलात रुतल्यालं दिसलं. लुगड्यामुळं वाचल्या बघ, येक न्हाई फुटली. द्येव तिथंच ऱ्हाऊ दिले, तुझ्या काचा तेवढ्या येचल्या."

मी उठून उभा राहिलो. एक रात्र पाण्यात राहिल्यानं काच मरत नाही. तिच्यावरचा चित्राचा थर फुगतो, दुधावरच्या सायीसारखा मऊ होतो, पण हात न लावता सावलीत उभी करून वाळवली तर चित्र पुन्हा तसंच्या तसं बसतं. मला हे ठाऊक होतं. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

मी पहिली काच घेतली. ती कोरडी होती आणि चकाकत होती.

"लई चिखाट बसल्यालं हुतं," बा सांगत होता. "आन् वर कसला तरी बुळबुळीत थर धरल्याला, निघता निघंना. सोडा लावला, काथ्यानं घासलं, तवा कुठं निघाला. म्हनलं सायबापुढं घान कशी न्यायची!"

दुसरी घेतली. तिसरी. सगळ्या घेऊन बघितल्या. दाराच्या उजेडात धरली की पलीकडं बा दिसायचा, दम खात, हसत, माझ्या तोंडाकडं बघत. सकाळी मी तोंडाला येईल ते बोललो होतो, तरी त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काय म्हणतो एवढ्याचीच तो वाट बघत होता. हातातली काच खाली ठेवून मी म्हटलं, "बा, बरं झालं आणल्यास."

"चांगल्या निघाल्या न्हवं?"

"चांगल्या निघाल्या."

"मग हुबा काय राह्यलास? जा की पटाटा, सायब वाट बघत आसंल!"

त्यानं स्वतःच्या हातानं एकेक काच पुन्हा कागदात गुंडाळली, पेटीत लावली आणि पेटी माझ्या डोक्यावर दिली. मी जिना उतरलो. रस्त्यावर येऊन मागं वळून पाहिलं तर बा गॅलरीत उभा होता, कठड्यावर वाकून. मी दिसेनासा होईपर्यंत तो हलणार नव्हता, म्हणून मला फोर्टाच्या दिशेनंच चालत राहावं लागलं.