लाल दोऱ्याची बाटली

चिंतामणीकाका परळच्या आमच्या संशोधन संस्थेत तीस वर्षं काचसामान धूत होते. थायरॉइडच्या पेशींसाठी लागणाऱ्या बाटल्या ते नुसत्या वाफेवर निर्जंतुक करून थांबत नसत. अडीचशे अंशांच्या भट्टीत तासन्तास भाजत. भाजलेल्या बाटलीच्या गळ्यात लाल दोरा बांधत. वाफेने जंतू मरतो, पण त्याच्या कवचाचे कण काचेला चिकटून राहतात आणि या पेशींना ते बरोबर कळतात, असं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला बजावत. मलाही बजावलं होतं. बाटल्या धुणाऱ्याने मला शिकवावं, याचा तेव्हा रागच आला होता. आता हे लिहितानाही लाज वाटते.

माझा प्रयोग नेमका त्याच विषयावरचा. कवचाचे कण टाकले, की पेशींच्या अंगावरचं एक प्रथिन ते ओळखतं आणि पेशी जास्त आयोडीन ओढू लागतात. शेजारच्या डिशमध्ये काहीच टाकायचं नसतं. तिथल्या पेशींनी गप्प राहायचं. मार्चमध्ये त्याही आयोडीन ओढू लागल्या. महिन्याचं काम फुकट गेलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांदेखत कारण विचारलं, तेव्हा मी पटकन म्हणाले, "बाटल्या नीट भाजल्या नसतील."

काका दारातच उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

पुढे फ्रिज आवरताना माझ्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेली बाटली सापडली. मार्चच्या प्रयोगातलं पेशींचं खाद्य मी तिच्यातच बनवलं होतं. गळ्यात दोरा नव्हता. घाईत मी वाफेवरचीच बाटली उचलली होती.

स्टोअरमध्ये जाऊन काकांची माफी मागितली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"उर्वीताई, तेव्हा सगळ्यांसमोर बोललात. हेही सगळ्यांसमोर सांगाल का?"

मी हो म्हटलं.

निरोप समारंभाला सर पहिल्या रांगेत होते आणि माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. मी उठले, काका किती वक्तशीर होते ते सांगितलं आणि थांबले. काका शाल सावरत माझ्याकडे बघत होते, मी अजून बोलणार आहे अशा खात्रीने. मी खाली बसले. टाळ्या झाल्या. त्यांनी मान खाली घातली.

निघताना त्यांच्या पत्नी, बेबीताई, माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाल्या, "हे घरी तुमचं नाव नेहमी काढायचे. म्हणायचे, उर्वीताई बोलतील माझ्याबद्दल."