आईस्क्रीम आमच्या हक्काचं!

ताईचं लग्न मी एका आईस्क्रीमपायी मोडत आणलं होतं.

महाळुंग्यात कंपन्यांच्या गेटवर मी कंत्राटी कामगारांची पत्रकं वाटते. म्हणून लग्नाच्या बैठकीला निघतानाच ताईने हात जोडले. "बाई, आजचा एक दिवस अन्यायाकडे बघू नकोस. मला अक्षय आवडलाय!"

अक्षयच्या वडिलांचा हट्ट, बैठक मारुंजीतल्या टर्किश हॉटेलातच! (कांदेपोह्यांनी काय घोडं मारलं होतं?) आत ढोल वाजतोय, लाल टोपीवाले वेटर नाचतायत, आमचे पप्पा कबाबसमोर बसून "चपाती कुठंय?" विचारतायत. तरी मी गप्प!

मग अक्षयचे वडील, म्हणजे काका, आईस्क्रीमच्या गाडीपाशी गेले. टोपीवाल्याने लांब दांड्यावरून कोन पुढे केला. काकांनी धरला, तर हातात नुसता रिकामा कोन! पुन्हा धरायला गेले, आईस्क्रीम डोक्यावरून पसार. तिसऱ्यांदा तर नाकाला टेकवून मागे ओढलं! आणि लोक हसतायत! शूटिंग करतायत! साठीच्या माणसाची चारचौघांत ही थट्टा?

मी हादरलेच. "ताई, बघतेयस ना?"

"खाली बस," ताई दातओठ खात म्हणाली.

मी खुर्चीवर चढले.

"ज्येष्ठांची चेष्टा—"

"बंद करा, बंद करा!" मागून खणखणीत आवाज. पप्पा! तीस वर्षं युनियनच्या गेट मीटिंगा केलेला माणूस. अर्धी घोषणा कानावर पडली, की मूठ आपोआप वर जाते.

"आईस्क्रीम आमच्या हक्काचं—"

"नाही कुणाच्या बापाचं!" आता अख्खं हॉटेल ओरडत होतं. (त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच!) ढोलवाल्याने ठेका धरला.

मॅनेजर घामाघूम. वाटीत आईस्क्रीम घालून त्याने दोन्ही हातांनी, कमरेत वाकून काकांना दिलं. विजय!

काकांनी रुसून वाटी बाजूला सारली. "अगं पोरी, महिनाभर मोबाइलवर हा खेळ बघतोय मी. त्यासाठीच तर इथं आलो! चौथ्यांदा पकडणारच होतो ना!"

ताईच्या डोळ्यांत पाणी. शेवटी अक्षयने टोपीवाल्याच्या विनवण्या केल्या आणि खेळ पहिल्यापासून मांडला. सातव्या हुलकावणीला काकांनी कोन पकडला, तेव्हा कुठे सोयरीक जुळली.

काल पत्रिका छापून आल्या. तळाशी ताईने ठळक अक्षरांत घातलंय: 'कृपया आहेर आणू नये. नवरीच्या धाकट्या बहिणीच्या हाती माईक देऊ नये.'

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध पत्रक निघालं. आणि घरोघरी वाटतेय कोण? मीच!