बुडबुडेबाईची पाटी

तिचा दिवस चार चाळीसला सुरू व्हायचा. साडेचारला नाही आणि पावणेपाचलाही नाही. सकाळी सातला पहिल्या पेशंटच्या पोटात दुर्बीण जायची. त्याआधी रात्रभर टांगलेल्या दुर्बिणी पुन्हा औषधाच्या पाण्यातून काढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. तिथून उलटं मोजत आलं की चार चाळीस येतात. नवरा कुशीवर वळत म्हणायचा, अगं, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर कुणाचं पोट काय पळून जाणार आहे? ती म्हणायची, तुम्ही झोपा.

दवाखाना पोटविकारांचा. डॉक्टर तीन, तपासणीच्या खोल्या दोन आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये धुण्याची खोली. डाव्या खिडकीतून वापरलेली दुर्बीण आत यायची, उजव्या खिडकीतून धुतलेली बाहेर जायची. या दोन खिडक्यांमधलं अंतर बारा फूट. त्या बारा फुटांत ती सत्तावीस वर्षं उभी होती. बसायला स्टूल होतं, त्यावर ती टॉवेल ठेवायची.

दुर्बीण म्हणजे करंगळीएवढी जाड, लांबलचक काळी नळी. टोकाला कॅमेरा, मुठीवर दोन चक्र्या. चक्र्या फिरवल्या की टोक हवं तसं वळतं. नळी बाहेर आली की लोकांना वाटतं, पहिलं काम ब्रश. ब्रश नंतर. आधी हवा. नळीत हवा भरायची, सबंध नळी पाण्यात बुडवायची आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर कातडीला भोक आहे. त्या भोकातून एकाच्या पोटातली घाण नळीच्या आत शिरते. तिथे ब्रश पोचत नाही, औषधही पोचत नाही, आणि ती पुढच्याच्या पोटात उतरते. ती एवढी टक लावून पाण्यात बघायची की दवाखान्यात तिचं नाव बुडबुडेबाई पडलं. तिने नावाला हरकत घेतली नाही. मावशी म्हटलेलं मात्र तिला खपायचं नाही. मी तुमच्या आईची बहीण कधी झाले, असं ती तोंडावर विचारायची.

बुडबुडे बघायला ती कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. तिचा बाप सायकलींची पंक्चर काढायचा. सहा वर्षांची असल्यापासून घमेल्यापाशी उकिडवं बसून ट्यूब पाण्यात धरायचं काम तिचं. बाप बोलायला कमी आणि टपली मारायला तयार. एकदा तिने ट्यूब पाण्यातून फिरवून ठीक आहे म्हणून दिली, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी सायकल ढकलत परत आलं. बापाने त्याच ट्यूबला पाण्यात पीळ दिला. बारीक दोऱ्यासारखी बुडबुड्यांची रेघ वर आली. सरळ धरलीस म्हणून तुला दिसलं नाही, एवढंच तो म्हणाला. टपली मारली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

पुढे लग्न झालं, दवाखान्यात फरशी पुसायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी तिला फडकं पिळताना पाहिलं आणि म्हणाले, या हातांना धीर आहे. त्यांनी तिला मोरीपाशी उभं करून स्वतः दुर्बीण धुऊन दाखवली. मोठ्या डॉक्टरांचं शिक्षण असं, की सरकारी रुग्णालयात दहा वर्षं आणि त्यातली तीन वर्षं गुरूंच्या मागे उभं राहून. तेव्हा आतलं चित्र दाखवणारा पडदा नव्हता. नळीला एक डोळा लावून बघायचं आणि गुरू सरकले की आपली पाळी. दुर्बीण एकच, म्हणून ती शेवटी शिष्यानेच धुवायची. पुसायला चुकलं तर दुसऱ्या दिवशी नळीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या होत्या डॉक्टरीणबाई. आधी साध्या तापखोकल्याच्या डॉक्टर, मग दोन मुलं, मग चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन यकृताचं शिक्षण. त्यांची दुर्बीण डाव्या खिडकीतून यायची ती ओल्या फडक्याने पुसून, साबणाचं पाणी आतून ओढून घेऊन. ज्याने घरी भांडी घासली आहेत त्याला खरकटं वाळू द्यायचं नसतं हे सांगावं लागत नाही.

तिसरे नवे डॉक्टर दोन वर्षांपूर्वी आले. वय पस्तीस, दोन देशांत शिकलेले, पित्ताच्या नळीतला खडा पोट न कापता काढणारे. हात असा हलका की घाबरलेला माणूससुद्धा तपासणी संपल्यावर विचारायचा, झाली का सुरू? पण त्यांची दुर्बीण यायची ती कोरडी पडलेली, घट्ट गुंडाळून. बुडबुडेबाईने चार वेळा सांगितलं. चारही वेळा ते हो म्हणाले.

त्या वर्षी दवाखान्याला मॅनेजर आला. आधी तो चपलांची अकरा दुकानं सांभाळायचा, आणि दवाखानाही तसाच चालतो असं त्याचं मत होतं. त्याने बसायच्या खोलीत भिंतभर पाटी लावली. तिन्ही डॉक्टरांचे फोटो आणि खाली प्रत्येकाचं शिक्षण आणि अनुभव. मोठ्या डॉक्टरांच्या दोन ओळी, डॉक्टरीणबाईंच्या चार, नव्या डॉक्टरांच्या नऊ. लोक थांबून वाचायचे आणि नऊ ओळींच्या डॉक्टरांची वेळ मागायचे. पाटी पुसायचं काम बुडबुडेबाईकडे आलं. तिने ती कोपऱ्यांसकट पुसली. काम म्हटल्यावर कोपरे आलेच.

त्याच आठवड्यात मॅनेजरने तिला बोलावून सांगितलं, की पुढच्या एक तारखेपासून धुण्याच्या खोलीत प्रमाणपत्र असलेलाच माणूस लागेल. तसा एक माणूस ठरला आहे. तिला काढणार नाहीत, काळजी नसावी, ती बसायच्या खोलीची फरशी बघेल. पगार तोच.

ती म्हणाली, फरशी मी सत्तावीस वर्षांपूर्वी सोडली.

मॅनेजर म्हणाला, मग पुन्हा धरा.

घरी नवऱ्याने तिची समजूत घातली. तो लेथवर चाळीस वर्षं काढून घरी बसलेला माणूस. म्हणाला, तोच पगार आणि कमी कष्ट, घे की. तिने विचारलं, तुम्हाला कुणी लेथवरून काढून झाडू दिला असता तर घेतला असतात? तो म्हणाला, भाजी वाढ.

एक तारखेला सहा दिवस उरले होते. सकाळी दहाला नव्या डॉक्टरांच्या खोलीतून दुर्बीण आली. बारीक नळीची ही एकच होती, आणि रात्रीपासून उपाशी असलेले चार पेशंट तिच्यासाठी बसले होते. तिने हवा भरली, नळी पाण्यात सोडली. सरळ होती तोवर काही नाही. मग तिने नेहमीप्रमाणे चक्री फिरवली. टोक वळलं आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूने बुडबुड्यांची बारीक रेघ वर आली. टोक सरळ केलं, रेघ थांबली. पुन्हा वळवलं, पुन्हा आली. तिने नळी बाहेर काढली आणि लाल फडकं बांधलेल्या खुंटीवर टांगली. त्या खुंटीवरची नळी दुरुस्तीलाच जाते.

उजव्या खिडकीतून नव्या डॉक्टरांनी हात पुढे केला. तिने रिकामा हात दाखवला.

ते आत आले. त्यांनी स्वतः नळी पाण्यात धरली, सरळ, दोन्ही हातांनी, आणि बघितलं. काही नाही. तोवर मॅनेजर आला. बाहेर चार माणसं ताटकळली आहेत, घड्याळ बघा, असं त्याचं सुरू झालं. नवे डॉक्टर म्हणाले, मला तर भोक दिसत नाही. मॅनेजरला तेवढं पुरलं.

"बाई, त्या पाटीवर नऊ ओळी आहेत," तो म्हणाला. "तुमचं शिक्षण किती?"

"सातवी. आणि बापाचं घमेलं."

"मग हे सांगतात ते ऐका."

ती मॅनेजरकडे वळली नाही. डॉक्टरांना म्हणाली, "पोटात तुम्ही ही सरळ धरता का? पोटात वळवता तशी इथे वळवा."

नव्या डॉक्टरांचा अंगठा चक्रीवर गेला. या कामात त्यांच्या अंगठ्यासारखा अंगठा नव्हता. टोक वळलं आणि रेघ वर आली. त्यांनी ते उलट बाजूला नेलं, पुन्हा या बाजूला आणलं. मग ते हळू म्हणाले, की पहिल्या पेशंटच्या दातांमध्ये ठेवलेली पकड सरकली होती, नळीला दात लागले होते, ते सांगायचं राहून गेलं. आणि थांबून म्हणाले, "मी आजवर दुर्बीण पाण्यात धरली नव्हती. जिथे शिकलो तिथे ती भिंतीतून यायची आणि भिंतीत जायची."

हे बोलायला नऊ ओळींपेक्षा जास्त काही लागतं. तिने ते लक्षात ठेवलं. पण मॅनेजर अजून उभा होता. भोक सुईएवढं तर आहे, आजचा दिवस निभावू, उद्या दुरुस्तीला पाठवू, तो म्हणाला. डॉक्टर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. बाहेरच्या चार माणसांना त्यांनीच वेळ दिली होती आणि त्यांतला एक दोन गाड्या बदलून आला होता.

त्यांच्या तोंडातून शब्द निघायची वाट तिने पाहिली नाही. ओला एप्रन तसाच ठेवून ती बसायच्या खोलीत गेली, पाटीच्या खाली उभी राहिली आणि चौघांना म्हणाली, "दुर्बिणीला भोक पडलंय. धुतली तरी आतून धुतली जाणार नाही. मी ती तुमच्या पोटात जाऊ देणार नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

गाड्या बदलून आलेला रागावलाच. त्याने तिचं आणि दवाखान्याचं सगळं काढलं. तिने मान खाली न घालता ऐकलं, कारण त्याचं खरं होतं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आजी कालपासून पाण्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे आज नाही ना? मग आता कपभर चहा तरी पाजा." तेव्हा तो रागावलेलाही हसला. चहा बुडबुडेबाईने केला. मॅनेजरने विचारलं, हे कुणाच्या परवानगीने. ती म्हणाली, आजींच्या.

दुपारी मोठे डॉक्टर आले. मॅनेजरने त्यांच्यापुढे सगळं मांडलं: शिस्त, वेळा, प्रमाणपत्र. नवे डॉक्टर मध्येच बोलले, की ती नळी मीच थांबवायला हवी होती आणि मी थांबवली नाही. मोठे डॉक्टर उठून धुण्याच्या खोलीत गेले. त्यांनी बाह्या वर केल्या, लाल खुंटीवरची नळी काढली, पाण्यात वळवली. रेघ बघितली आणि हात पुसत तिला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे.

तिने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. मोरी सोडणार नाही. प्रमाणपत्रवाला येऊ दे, हाताखाली घेते, सहा महिन्यांनी बघू. आणि यापुढे दवाखान्यात जो डॉक्टर नव्याने येईल त्याने पहिले पंधरा दिवस या मोरीपाशी काढायचे.

मॅनेजर म्हणाला, दोन देशांत शिकलेला माणूस मोरीवर उभा राहणार?

ती म्हणाली, बसायचं असेल तर स्टूल आहे, त्यावरचा टॉवेल मी काढीन.

मोठे डॉक्टर हो म्हणाले. मॅनेजरने तोंड वाकडं केलं आणि ते पुढे वर्षभर तसंच ठेवलं. नवे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला आले, कुणी सांगितलं नसताना. तिने त्यांना ब्रश दिला. त्यांनी विचारलं, किती वेळा फिरवायचा? ती म्हणाली, स्वच्छ निघेपर्यंत. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी साधारण किती? तिने ब्रश परत मागितला. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि फिरवत राहिले. पंधरा दिवसांत त्यांच्या बोटांची कातडी सोलवटली. सोळाव्या दिवसापासून त्यांची दुर्बीण डाव्या खिडकीतून पुसून, ओली यायला लागली. मावशी सोडून बाई म्हणायलाही ते तेव्हाच शिकले.

राहिली पाटी. मोरीवरचे पंधरा दिवस डॉक्टरांच्या ओळींत लिहावेत असं नव्या डॉक्टरांनीच सुचवलं. मॅनेजर म्हणाला, जागा नाही. धुण्याच्या खोलीच्या दारावर बाईंची पाटी लावू, असं त्यांनी म्हटलं. मॅनेजर म्हणाला, अशा पाट्यांसाठी दवाखान्याकडे तरतूद नाही.

सत्तावीस वर्षांच्या तिच्या पगारातून पुष्कळ गोष्टी झाल्या होत्या. घरावर पत्रे आले. सासूच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मुलीचं वीजकामाचं शिक्षण झालं, आता ती दुसऱ्यांच्या घरात तारा ओढते आणि आईसारखीच कुणाचं ऐकत नाही. तिने स्वतःसाठी मात्र काही घेतल्याचं नवऱ्याला आठवत नव्हतं. म्हणून त्या महिन्याचा पगार झाला आणि ती पाट्या रंगवणाऱ्याकडे निघाली, तेव्हा तो चपला घालून बरोबर गेला.

पेंटरने विचारलं, नावाखाली शिक्षण काय लिहू? तिने कागद पुढे केला. पेंटरने वाचला, मग पुन्हा वाचला आणि म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. ती म्हणाली, तुम्ही लिहा.

सोमवारी ती चार चाळीसला उठली, पण एक ड्रिल आणि चार स्क्रू घेऊन निघाली. पाटी लावायला मुलगी येते म्हणत होती. तिने नको म्हटलं. पाटी सरळ आहे का ते तिने दोनदा दूर जाऊन बघितलं, एक स्क्रू ढिला करून पुन्हा आवळला. नवे डॉक्टर पावणेसातला आले, दारापाशी थांबले आणि हात मागे बांधून वाचत राहिले.

शिक्षण: वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात सहा वर्षं. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक. अनुभव: सत्तावीस वर्षं. न वळवता एकही दिली नाही.

तिच्या पगारातून आली ती पाटी. स्क्रूसुद्धा.